बरणीतला उजेड

गेल्या महिन्यात एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. तिचं नाव-गाव देत नाही, पण मजकूर मात्र तिची परवानगी घेऊन तुमच्यापुढे ठेवते. ती लिहिते, "ताई, तुमच्या पानावर वाचून आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे धाकट्यासाठी झाकणाला भोकं पाडलेली बरणी नेली होती. त्याने वीसएक काजवे भरून घरी आणले. सकाळी उठून तो बरणी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'आई, यांचा सेल संपला.' त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतंत?"

पत्र वाचलं तेव्हा गॅसवर डाळ उकळत होती. ती उतू गेली तरी मला कळलं नाही. कारण हा प्रश्न माझ्याही घरी येऊन गेला होता, आणि त्यातलं एक अक्षर मी तुम्हांला कळू दिलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं तर बटाटा घालून वेळ निभावता येते. छापून गेलेल्या सल्ल्यात काय घालणार? म्हणून आज पाककृती नाही की शिवणकाम नाही, आज चूक कबूल करायची आहे.

झालं होतं ते असं. 2023 च्या मे महिन्यात सुटीतल्या सहलींविषयी लिहिताना मी काजव्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. 'शनिवारी जा म्हणजे रविवारी विश्रांती मिळते, मोठी बॅटरी बरोबर ठेवा आणि मुलांसाठी एक बरणी न्या,' असे ते तीन सल्ले. तिन्ही ऐकीव आणि लहानपणच्या आठवणींवर बेतलेले. तोवर मी स्वतः भंडारदऱ्याला गेलेही नव्हते!

या काजव्यांचं वेड घरात शिरलं तेही गमतीनेच. माझ्या नणंदेची मुलगी ऑस्ट्रेलियात असते. तिने फोनवर फोटो पाठवले होते. तिथे उलुरू नावाचा एक प्रचंड तांबडा खडकाळ डोंगर आहे. त्याच्या समोरच्या माळावर ब्रूस मन्रो या इंग्रज कलावंताने 2016 साली काचेच्या दिव्यांचे 50 हजार देठ रोवले. दिवसा उन्हावर वीज साठवायची आणि रात्री रंगीबेरंगी उजळायचं. माणसं त्यामधून चालतात, जणू दिव्यांचं शेतच. फोटो पाहून आमचे हे म्हणाले, "आपल्याकडे कुठलं असलं काही!" सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आहे की. जेठात डोंगराला जा. आणि रोवायला कुणी लागत नाही."

आमची कुंभवली तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल. बोईसरला लागून आहे, तारापूरच्या कारखान्यांच्या शेजारात. आमच्याकडे रात्र पडते, पण अंधार पडत नाही. कारखान्यांचे दिवे, रस्त्याचे दिवे, सोसायट्यांच्या गच्चीवरचे पांढरे झोत. रात्री दोन वाजता आभाळ बघाल तर पहाट झाल्यासारखं फिक्कट. तक्रार म्हणून सांगत नाही. यांची रात्रपाळी असते तेव्हा त्याच दिव्यांच्या आधाराने हे घरी येतात. पण माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने तोवर काजवा फक्त पुस्तकात पाहिला होता, हेही खरंच.

तर 2023 च्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, आम्ही निघालो. शनिवारी! मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, खोडाळा करत घोटी आणि तिथून भंडारदरा. वाटेत घाट, करवंदाच्या जाळ्या. प्रवास सुखाचा झाला. संध्याकाळी धरणाच्या बाजूच्या रस्त्याला लागलो आणि बघते तर गाड्यांमागे गाड्या! प्रत्येकीचे दिवे लागलेले, कुणाच्या गाडीत गाणी मोठ्याने चाललेली. झाडाखाली पन्नास माणसं आणि पन्नास मोबाइलचे झोत झाडावर. "कुठायत काजवे?" असं जो तो विचारत होता आणि झाडावर उजेड पाडून शोधत होता. आम्हीही त्यातलेच. माझी ती मोठी बॅटरी मीही पाजळलीच की! दूर गवताच्या कडेला थोडे लुकलुकत होते, तिथे लेकीला घेऊन गेले, गवत तुडवत. बरणीत अकरा काजवे भरले. तिने येताना सगळा रस्ता बरणी मांडीवर धरून ठेवली होती.

सकाळी बरणी तिच्या उशाशी होती. मी आधी उठले, म्हणून मीच आधी पाहिली. तिला म्हटलं, "झोपलेत ते," आणि तिची पाठ वळताच तुळशीच्या कुंडीत बरणी रिकामी केली. ती काही बोलली नाही. मला वाटलं, विसरली.

मुलं विसरत नाहीत, मैत्रिणींनो. पुढच्या वर्षी मे महिन्यात मी म्हटलं, "यंदा पुन्हा काजव्यांना जाऊ या, नीट बघू या." तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला नाही यायचं. ते झोपले नव्हते." एवढंच. काजवे मेले त्यापेक्षा आई खोटं बोलली, हे तिच्या मनात वर्षभर राहिलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथल्या विज्ञानाच्या बाईंकडून मग पुस्तकं आणली, त्यांनाही पुष्कळ विचारलं. जे समजलं ते मी लेकीला सांगितलं आणि तुम्हांलाही सांगते.

काजवा म्हणजे माशी नव्हे, भुंगेऱ्याच्या कुळातला किडा. त्याची मादी ओलसर मातीत अंडी घालते. त्यातून निघालेली अळी मातीत आणि पालापाचोळ्यात महिनोन्‌महिने राहते, गोगलगायी आणि गांडुळं खाऊन वाढते. पंख फुटून आपल्याला दिसतो तो काजवा झाला, की त्याच्या हाती फार तर काही आठवडे उरतात. त्या दिवसांत पुष्कळ जातींचे काजवे धड खातही नाहीत. काम एकच, जोडीदार शोधायचा आणि वंश पुढे न्यायचा. ते लुकलुकणं म्हणजे हाक असते. नर उडता उडता हाक देतो, मादी बहुधा खाली गवतात किंवा पानावर बसून उत्तर देते. प्रत्येक जातीची लय निराळी. त्या लयीवरून आपलं माणूस ओळखायचं!

आणि तो उजेड कसला, तर थंड. पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफेरेज नावाच्या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि उजेड पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. आपल्या घरातला जुना पिवळा गोळा आठवा. त्याला जेवढी वीज लागे त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त नुसती तापण्यात जाई. धग नाही, धूर नाही अशी ही चूल या इवल्या किड्याने पोटात बाळगली आहे.

आता बघा, मी काय केलं होतं. बरणीत भरलं म्हणजे हाका मारणाऱ्याला कोंडून घातलं. झोत टाकला म्हणजे त्याची हाक दिसेनाशी केली; भर मांडवात बँड वाजत असताना कानात सांगितलेलं कुणाला ऐकू येईल? आणि गवत तुडवलं ते तर उत्तर देणारीच्या अंगावरून चालत गेले. जगभरच्या काजव्यांच्या अभ्यासकांना विचारून 2020 साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत काजव्यांपुढची तीन मोठी संकटं सांगितली आहेत: राहायची जागा जाणं, रात्रीचे कृत्रिम दिवे आणि कीटकनाशकं. त्यातलं दुसरं संकट मी हातात धरून नेलं होतं आणि तुम्हांलाही न्यायला सांगितलं होतं!

हे सगळं ऐकून लेक यायला तयार झाली, पण एका अटीवर. सामान ती तपासणार. तिने खरोखरच पिशवी उपसली आणि लोणच्याची भरलेली बरणीसुद्धा बाहेर काढली. "बरणी नको म्हणजे नको." लोणचं पिशवीत बांधून न्यावं लागलं. तेलाचा डाग अजून त्या सतरंजीवर आहे.

2024 च्या जूनमधला पहिला आठवडा, बुधवार, अमावास्येच्या आदली रात्र. यांनी रजा काढली. सासूबाईंचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं, हे म्हणाले, "आईला अंधारात काय दिसणार?" त्यावर सासूबाई म्हणाल्या, "अंधारात तुलाही दिसत नाही. मी येणार."

या खेपेला मुख्य रस्त्यावर थांबलो नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या त्या टापूत, रतनवाडी-घाटघरच्या बाजूला, लहान लहान गावं आहेत. कळसूबाई म्हणजे आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. पायथ्याची पुष्कळशी वस्ती महादेव कोळी समाजाची. काजव्यांच्या त्या चार आठवड्यांत पाहुण्यांना जेवूखाऊ घालून, वाट दाखवून तिथल्या घरांना चार पैसे मिळतात. आम्ही अशाच एका घरी उतरलो. नागलीची भाकरी, पिठलं आणि कांदा असं जेवण झालं. घरच्या बाईंनी आम्हांला परसापलीकडच्या पायवाटेवर नेलं आणि एका मोठ्या सादड्याच्या झाडापासून अंतर राखून सतरंजी टाकायला सांगितली. मी सवयीने बॅटरी लावली. बाई हलकेच म्हणाल्या, "बत्ती मालवा ताई. त्यांना वाटंल, उजाडलं."

मालवली. आणि मग काहीच नाही! मिट्ट काळोख. शेजारी बसलेल्या सासूबाई दिसेनात. धाकटा कुरकुरायला लागला, "काहीच नाहीये इथे." मलाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू. कुंभवलीत राहून अंधाराची सवयच गेली होती. डोळ्यांना अंधार समजायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण ती मिनिटं किती लांब असतात ते पुस्तकात नव्हतं.

आधी झाडाचा आकार दिसू लागला, मग मागची डोंगराची कड. मग खालच्या फांदीवर एक ठिणगी, शेजारी दुसरी, आणि बघता बघता लाट उठावी तसा उजेड बुंध्याकडून शेंड्याकडे चढत गेला. अख्खं झाड क्षणभर हिरवट पिवळं झालं आणि विझलं. पुन्हा लाट, पुन्हा काळोख. मग पलीकडच्या हिरड्यावर, मग ओढ्यापल्याड. दिवाळीच्या माळांशी तुलना करायचा मोह होतो, पण माळ कशी, आपण बटण दाबलं म्हणून लागते. इथे आपलं कुणी काही लागत नव्हतं, आणि तरीही मधोमध बसायची परवानगी होती. धाकट्याने माझा हात घट्ट धरला. लेक मात्र चार हात पुढे, एकटीच मांडी घालून बसली होती.

एक काजवा सासूबाईंच्या पदरावर येऊन बसला. कुणी हललं नाही. आठ-दहा वेळा लुकलुकून तो उठून गेला.

मी हळूच विचारलं, "आई, दिसतंय ना?" त्या म्हणाल्या, "या डोळ्याने ठिपके दिसतात, त्या डोळ्याने फुलं. दोन्ही बरंय." मग जरा वेळाने आपणच बोलू लागल्या. तारापूरचं अणुवीजकेंद्र 1969 साली सुरू झालं, त्यानंतर तीन-एक वर्षांनी त्या लग्न होऊन कुंभवलीला आल्या. घरात वीज यायला मात्र आणखी काही वर्षं गेली. तेव्हा भाताच्या बांधावर पावसाच्या तोंडाशी काजवे असत, म्हणाल्या. मी म्हटलं, "किती छान असेल नाही, तेव्हाची रात्र!" तर त्यांनी मला तिथेच थांबवलं.

"छान कसली? तुझ्या नणंदेच्या वेळेला रात्री कळा सुरू झाल्या. कंदिलाची काच तडकलेली. सुईणीला धड दिसेना, पाऊस कोसळतोय. वीज आली त्या दिवशी मी बटणाला हळदकुंकू लावलं. काजव्याच्या उजेडात मूल जन्माला घालता येत नाही, सूनबाई. दिवा पाहिजेच. पण लागेल तिथं. परसात रात्रभर जळणारी ती नळी आहे ना आपली, तिच्या उजेडात कोण बाळंत होतंय?"

मैत्रिणींनो, इतकी पुस्तकं चाळून जे मला नेमकं सांगता आलं नसतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. अंधार चांगला आणि दिवा वाईट, असं कुणी बाईमाणूस म्हणणार नाही. जिन्यात, गल्लीत, बसथांब्यावर दिवा हवाच. आपल्या मुली त्या वाटेने घरी येतात. प्रश्न आहे तो कुणीच नाही तिथे रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा.

घरी आल्यावर परसातली ती नळी आम्ही काढली. तिच्या जागी पिवळा, कमी उजेडाचा, खाली तोंड केलेला दिवा बसवला आणि दहा वाजता तो बंद करायचं काम लेकीने आपल्याकडे घेतलं. पिवळ्या दिव्यावर किडे कमी येतात, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीत पावसाळ्यात जो पाखरांचा सडा पडायचा तोही कमी झाला. कुंभवलीत काजवे परत आले का? नाही आले. एका नळीने यायचे नाहीत. पण शेजारच्या वहिनींनी आपला मागचा दिवा बंद ठेवायला सुरुवात केली आहे, एवढं खरं.

आता सुधारलेला सल्ला. जुनं पान कापून ठेवलं असेल तर कृपा करून त्यावर हे चिकटवा:

1. काजव्यांचे दिवस साधारण मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. वळवाच्या सरी पडून हवा दमट झाली की ते वाढतात, मोठा पाऊस लागला की ओसरतात. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. चांदण्यात मजा नाही.

2. शनिवार-रविवार टाळा. मुलांच्या शाळा उघडण्याआधीचा मधला वार सर्वांत बरा.

3. मुक्काम गावातल्या घरी करा आणि वाट दाखवायला गावचं माणूस घ्या. प्रवेशाच्या नि परतण्याच्या ज्या वेळा वनखात्याने ठरवल्या असतील त्या पाळा.

4. गाडी लांब उभी करून दिवे बंद करा. बॅटरीला लाल जिलेटीन कागद दुहेरी लावून रबरबँड घाला, आणि तीही फक्त पायाखाली धरा. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाच्या राष्ट्रीय उद्यानात काजव्यांच्या दिवसांत चिठ्ठ्या काढून मोजक्याच गाड्यांना सोडतात आणि तिथेही बॅटरीला रंगीत कागद लावायला सांगतात. त्यांना जमतं ते आपल्याला का जमू नये?

5. मोबाइल बंद. फोटो अंधारात नुसते काळे येतात, हे आमच्या ह्यांनी आधीच्या वर्षी चाळीस फोटो काढून सिद्ध केलेलं आहे.

6. पायवाट सोडू नका. गवतात उतरू नका, फांद्या हलवू नका.

7. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, छत्री, सतरंजी आणि मुलांसाठी सुका खाऊ. खाऊची वेष्टनं आपल्याबरोबर परत आणा. अंगाला डास पळवणारं मलम लावलंत तर काजव्याला हात लावू नका; खरं तर एरवीही नकोच.

8. पोचल्यावर अर्धा तास नुसतं बसा. मुलांना आधीच सांगून ठेवा की पहिला अर्धा तास काही दिसणार नाही. हे सांगितलं नाही तर सहल कुरकुरीत जाते.

9. बरणी घरी ठेवा.

राहिला आमच्या मैत्रिणीच्या मुलाचा प्रश्न. ताई, तुम्हांला सुचलं नाही तेच बरं झालं. मला सुचलं आणि मी खोटं बोलून बसले. आज विचाराल तर मी सांगेन, त्याला जवळ घ्या आणि खरं तेच सांगा: "बाळा, त्यांना सेल नसतो. ते कुणाला तरी हाका मारत होते आणि आपण झाकण लावलं. आपल्याला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक झालं." तो रडेल थोडा. रडू द्या. मग पुढच्या जेठात त्याला घेऊन जा, आणि निघताना पिशवी त्याला तपासू द्या.

आणि ज्या कुणी माझं ऐकून बरण्या नेल्या असतील त्या सगळ्याजणींची मी मनापासून क्षमा मागते.

तुमच्या गावाला, तुमच्या माहेरी अजून काजवे दिसतात का? कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात? पोस्टकार्डावर दोन ओळी जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे पावसाळ्यातली साठवण: पापड, कुरडया आणि डाळींना लागणारी कीड यांविषयी बोलू. तोवर, रात्री निजण्यापूर्वी मागचा दिवा तेवढा बघा.